तिचा रिपोर्ट तुमचा नाही

«ताई, मला तीन वर्षांपूर्वी जिस्ट हा पचनमार्गातला विरळा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, इमॅटिनिबची गोळी रोज चालू आहे. आमचा एक आधारगट आहे, महिन्यातून एकदा व्हिडिओवर भेटतो. त्यातली माझ्याच वयाची एक मैत्रीण नुकतीच गेली. आजार तोच, गोळीही तीच. तेव्हापासून मी गटात फिरकलेले नाही. नवरा म्हणतो, ‘सोड तो गट, लोकांची दुखणी कशाला उरावर घेतेस?’ पण तिथे जे बोलता येतं ते घरी येत नाही. आणि ती गेली, मी मात्र ठणठणीत, याची लाजही वाटते. काय करू?
– दचकलेली»

दचकलेल्या मैत्रिणी,

तुमच्या पत्रात ती कशी होती, कशावर हसायची, यातलं एक अक्षरही नाही. तिचं वय आहे, आजार आहे, गोळी आहे. मैत्रीण गेल्याचं दुःख बाजूला ठेवून तुम्ही थेट स्वतःचा हिशेब मांडायला बसलात. भीती असंच करायला लावते, तुम्हाला दोष देत नाही. पण आधी तिच्यासाठी रडून घ्या.

आता तो हिशेब. ‘आजार तोच’ हे तुमचं गृहीतक मला मान्य नाही. जिस्टमध्ये बहुतेकांच्या केआयटी जनुकात बदल असतो. तो जनुकाच्या एक्झॉन 11 या भागात असेल तर इमॅटिनिब साधारणपणे चांगलं चालतं. एक्झॉन 9 मध्ये असेल तर डॉक्टर बरेचदा दुप्पट डोस विचारात घेतात. काहींचा बदल पीडीजीएफआरए या वेगळ्याच जनुकात असतो आणि त्यातल्या एका प्रकारावर ही गोळी जवळपास निरुपयोगी ठरते. शिवाय गाठ कुठे होती, केवढी होती, पेशी किती वेगाने विभागत होत्या, गाठ फुटली होती का, या सगळ्यावर पुढचं अवलंबून असतं. तिचं यातलं काय होतं, तुम्हाला ठाऊक आहे? आणि तुमचं स्वतःचं? नसेल तर पुढच्या तपासणीत डॉक्टरांना सरळ विचारा: माझा म्युटेशन रिपोर्ट, म्हणजे जनुकातल्या बदलाचा अहवाल, काय सांगतो? तोवर तिच्यावरून तुमचं भविष्य वाचणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावून वाचणं. आणि या धसक्यात मनानेच गोळी चुकवू नका, हे बजावून सांगते.

तुमच्या यजमानांचा मुद्दा अगदीच चूक नाही. प्रत्येक भेटीनंतर तुमचा उतरलेला चेहरा तेच बघतात. 1989 साली स्तनाचा कर्करोग पसरलेल्या स्त्रियांवरचा एक अभ्यास आला होता. आधारगटात येणाऱ्या जास्त जगल्या, असा त्याचा निष्कर्ष. खूप गाजला. पण 2001 मध्ये मोठ्या अभ्यासात आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. मनाचा त्रास आणि वेदना मात्र कमी झाल्या, आणि जास्त खचलेल्यांना जास्त फायदा झाला. आजार वेगळा होता, गट समुपदेशकांनी चालवलेले होते, हे खरं. तरी गटाकडून काय मागावं याचा अंदाज त्यातून येतो. गट आयुष्य वाढवेल म्हणून जाऊ नका. तिथे बोलून हलकं वाटतं, एवढं कारण पुरे आहे.

विरळ्या आजारात तर हे बोलणं आणखीच दुर्मीळ. कर्करोगाच्या सर्वसाधारण गटात तुम्हाला ‘केस गळले नाहीत ना, मग तुझं सोपंच आहे’ असं ऐकावं लागलं असतं. या गोळीने सकाळी डोळ्यांभोवती सूज येते आणि दिवसभर लोक ‘रडलीस का?’ विचारतात, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही अशी जागा तुम्हाला मिळाली आहे. युरोपात वर्षाला लाखात सहापेक्षा कमी नवे रुग्ण असतील तर त्या कर्करोगाला विरळा म्हणतात. असे सगळे प्रकार एकत्र धरले तर मात्र साधारण दर पाचातला एक रुग्ण त्यात येतो. माणसं आहेत, विखुरलेली आहेत, इतकंच.

लाजेबद्दल फार लिहीत नाही. तुमची गोळी चालली म्हणून तिची थांबली नाही.

गट सोडू नका, पण अटी तुमच्या असू द्या. गट चालवणाऱ्यांना आधीच सांगा: स्कॅनच्या निकालांची चर्चा सुरू झाली की मी उठेन, कोणी गेलं तर मला एकटीला फोन करून कळवा, सगळ्यांसमोर अचानक नको. गेलेल्यांविषयी गटात मोकळेपणी बोलायला थोडा वेळ राखून ठेवा, असंही सुचवा. अनेक गट मृत्यूची बातमी कळवतात आणि लगेच पुढच्या विषयावर जातात. मग प्रत्येक जण तुमच्यासारखा गुपचूप हिशेब करत बसतो. नव्या सदस्यांना धीर देण्याचं काम सध्या घेऊ नका. कोणी ‘मला या काढ्याने गुण आला’ म्हणालं तर आधी डॉक्टरांना विचारा. सेंट जॉन्स वर्टसारखी वनस्पती इमॅटिनिबचं रक्तातलं प्रमाण घटवते.

दोन-तीन आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर गटावर विसंबू नका. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगून समुपदेशकाची वेळ घ्या.

यजमानांना एवढंच सांगा, की घरी जे बोलता येत नाही ते त्यांच्यामुळे नाही. त्यांना घाबरवायचं नसतं म्हणून गिळता. रुग्णांच्या जोडीदारांचा वेगळा गट असेल तर त्यांनाही एकदा जाऊ द्या, नको म्हणाले तर सोडून द्या.

पुढच्या भेटीला जायचं का, हे स्कॅनची तारीख बघून ठरवा. दोन्ही एकाच आठवड्यात आलं तर खुशाल दांडी मारा.