ठेकेदाराने ईएसआय भरला नाही, म्हणून बाळंतपणाचा लाभ बुडत नाही

प्रश्न : भोसरी एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी ठेकेदारामार्फत पॅकिंगच्या कामाला आहे. पगार 19,000 रुपये. ईएसआयचा (कर्मचारी राज्य विम्याचा) नंबर 2022 पासून आहे. सासूबाईंच्या आजारपणामुळे एप्रिल 2024 पासून घरी होते, नोव्हेंबर 2024 मध्ये त्याच कंपनीत परत लागले. ऑगस्ट 2025 मध्ये रजेवर गेले, सप्टेंबरमध्ये माहेरी इंदापूरला बाळंतपण झालं. ऑक्टोबरमध्ये ईएसआयच्या शाखा कार्यालयात अर्ज दिला. आधी म्हणाले, आधार कार्डावर माहेरचं नाव आहे. मग म्हणाले, खासगी डॉक्टरचा दाखला चालत नाही. आता म्हणतात, तुमचे 70 दिवस भरत नाहीत, कॉम्प्युटरवर 44च दिसतात. माझ्या पगारातून तर दर महिन्याला पैसे कापलेत. कंपनी म्हणते ठेकेदाराला विचारा. ठेकेदार म्हणतो, 25,000 रोख घ्या आणि जानेवारी 2025 च्या तारखेच्या राजीनाम्यावर सही करा. रजा संपली, हातात एक रुपया नाही. मिस्टरांनाही एका दिवसाची पगारी रजा मिळाली नाही. काय करू?

उत्तर : सगळ्यात आधी, त्या राजीनाम्यावर सही करू नका. रक्कम वाढवून दिली तरी नाही, घरातल्या कुणी आग्रह केला तरी नाही. जानेवारी 2025 ची तारीख ठेकेदाराने उगाच निवडलेली नाही. त्या तारखेला तुम्ही नोकरी सोडली असं कागदावर आलं, की पुढच्या महिन्यांची वर्गणी त्याने भरायचीच नव्हती असं तो म्हणायला मोकळा होतो आणि लाभासाठी लागणारे वर्गणीचे 70 दिवस तुमच्याच सहीने बुडतात. तुमच्या हक्काची रक्कम 26 आठवड्यांच्या सरासरी रोजाइतकी, म्हणजे 19,000 पगारावर लाखाच्या वर जाते. राजीनाम्याचा तो प्रस्ताव व्हॉट्सॅपवर आला असेल तर मेसेज पुसू नका. तो तुमच्या बाजूचा पुरावा आहे.

आता 70 दिवसांचं बघू, कारण खरी अडचण तिथेच आहे.

ईएसआयमध्ये वर्गणीचे दोन सहामाही कालावधी असतात : 1 एप्रिल ते 30 सप्टेंबर आणि 1 ऑक्टोबर ते 31 मार्च. त्यांना जोडलेले लाभाचे कालावधी पुढे येतात. तुमची प्रसूती सप्टेंबर 2025 ची, म्हणजे 1 जुलै ते 31 डिसेंबर 2025 या लाभ कालावधीतली. त्याच्या आधीचे लागोपाठचे दोन वर्गणी कालावधी मिळून 70 दिवसांची वर्गणी हवी. एप्रिल ते सप्टेंबर 2024 तुम्ही घरी होतात, तिथे शून्य. उरली ऑक्टोबर 2024 ते मार्च 2025 ही सहामाही. त्यात नोव्हेंबर ते मार्च असे पाच महिने तुम्ही काम केलंत. महिन्याचे 26 दिवस धरले तरी 130 होतात. कॉम्प्युटरवर 44 दिसतात याचा अर्थ एवढाच, की ठेकेदाराने नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या काही दिवसांची वर्गणी भरली आणि पुढे हात आखडता घेतला.

कर्मचारी राज्य विमा (केंद्रीय) नियमांतला नियम 56 वर्गणी किती दिवसांची देय होती ते विचारतो. ती खरोखर भरली गेली का, ही अट तुमच्यावर नाही. तुम्ही काम केलंत, पगार झाला, त्या दिवशी वर्गणी देय झाली. ती ईएसआय महामंडळाच्या खात्यात पोहोचवणं हे काम तुमचं नव्हतंच. 1948 च्या मूळ कायद्याचं कलम 68 तर नेमकं अशाच प्रसंगासाठी आहे : मालकाने वर्गणी भरली नाही म्हणून कामगाराचा लाभ हुकत असेल किंवा कमी होत असेल, तर वर्गणी भरायला हवी होती याची खात्री करून घेऊन महामंडळ लाभ देऊ शकतं आणि नंतर मालकाकडून वसूल करू शकतं. सर्वोच्च न्यायालयानेही भारगथ इंजिनिअरिंगच्या खटल्यात हेच तत्त्व मान्य केलं. तिथे वर्गणी भरण्याआधीच कामगाराचा अपघाती मृत्यू झाला होता, तरी त्याचं विम्याचं संरक्षण गेलं नाही.

कंपनी तुम्हाला ठेकेदाराकडे पाठवते, ते तर सपशेल चूक आहे. कायद्याच्या कलम 40 नुसार ठेकेदारामार्फत घेतलेल्या कामगारांची वर्गणीसुद्धा आधी मुख्य मालकाने, म्हणजे कंपनीने भरायची असते. ठेकेदाराच्या बिलातून ती कापून घ्यायची की कशी, हा त्या दोघांचा व्यवहार. तुमच्या पगारातून पाऊण टक्का म्हणजे महिना 143 रुपये गेले, त्यावर मालकाच्या वाट्याचे सव्वातीन टक्के पडायला हवे होते. कामगाराचे पैसे कापून ते न भरणं हा फौजदारी गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 मध्ये अशी कपात खिशात घालणं हा विश्वासघात मानला आहे. पण माझा सल्ला असा, की पोलीस चौकी आत्ताच गाठू नका. तक्रारीचं भय हे तुमच्या हातातलं वजन आहे, ते राखून ठेवा. आधी पैसे मिळवू.

त्यासाठी दोन पत्रं लिहा, दोन्ही मराठीत चालतील. पहिलं शाखा व्यवस्थापकांना. त्यात तारखांसह सांगा, की नोव्हेंबर 2024 ते मार्च 2025 मी अमुक कंपनीत काम केलं, कपात झाली, वर्गणी कमी भरली गेली आहे, याची चौकशी करून कलम 68 नुसार माझा लाभ द्यावा. जोडीला पगारपत्रकं, पगार जमा झाल्याच्या नोंदी असलेलं बँक पासबुक, हजेरी कार्ड किंवा गेटपास. पगारपत्रकं मिळाली नसतील तर पासबुक आणि सोबत काम करणाऱ्या दोघींची प्रतिज्ञापत्रंही उपयोगी पडतात. दुसरं पत्र कंपनीच्या एचआरला, प्रत ठेकेदाराला : थकलेली वर्गणी व्याजासह तातडीने भरा आणि माझ्या हजेरीची नोंद दुरुस्त करा. हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. शाखा कार्यालयात स्वतः द्याल तेव्हा दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आतापर्यंत तुम्हाला मिळालेली तिन्ही उत्तरं तोंडी आहेत आणि तोंडी नकाराविरुद्ध दाद मागणं फार कठीण जातं. प्रत्येक वेळी एकच वाक्य म्हणा : हे मला लिहून द्या.

पहिली दोन कारणं किरकोळ आहेत. माहेरच्या नावासाठी विवाह नोंदणीचा दाखला आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र द्या. बँक खातं आणि ईएसआयची नोंद यांत नाव एकसारखं करून घ्या, नाहीतर मंजूर झालेली रक्कमही परत फिरते. खासगी डॉक्टरच्या दाखल्याबाबत : ईएसआयच्या डॉक्टरचा दाखला नसेल तेव्हा दुसरा पुरावा स्वीकारण्याची मुभा विनियमांतच आहे. डिस्चार्ज कार्ड आणि इंदापूर नगरपरिषदेचा जन्मदाखला जोडा. तिथे ईएसआयच्या दवाखान्याची सोय नव्हती म्हणून खासगीत जावं लागलं असेल, तर प्रसूतीखर्चाचे 7,500 रुपये वेगळे मागता येतात. तो अर्जही याच वेळी द्या. लाभाचा अर्ज फॉर्म 19 मध्येच दिला होता का, तेही पाहा. पीएफ काढायच्या अर्जाचा नंबरही 19च आहे आणि मी लोकांना चुकीचा फॉर्म घेऊन रांगेत उभं राहिलेलं पाहिलं आहे.

किती थांबायचं? विनियम 52 प्रमाणे सगळ्या कागदांसह पूर्ण अर्ज मिळाल्यापासून 14 दिवसांत प्रसूती लाभाची पहिली रक्कम द्यायची असते. ‘पूर्ण’ ठरवण्यावरूनच सगळी टोलवाटोलवी चालते, म्हणून पत्रात जोडलेल्या प्रत्येक कागदाची यादी द्या आणि आणखी काही कमी असल्यास लेखी कळवा असं मागा. 14 दिवस उलटले की बिबवेवाडीच्या पंचदीप भवनातल्या वरिष्ठ कार्यालयात तक्रार द्या. तक्रारी ऐकण्यासाठी महामंडळ दर महिन्याला ‘सुविधा समागम’ भरवतं, तिथे जा. टोल फ्री क्रमांक 1800-11-2526 आहे, केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलवरही नोंद करा. याच सुमारास दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका. त्यात तीनच गोष्टी मागा : माझ्या नावावर महिन्यागणिक भरलेली वर्गणी, माझ्या अर्जावरचे शेरे आणि त्या कंपनीवर या काळासाठी काही वसुलीची कारवाई झाली का. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं आणि पुढे न्यायालयात तेच तुमचं भक्कम कागदपत्र ठरतं.

तरीही हललं नाही तर कर्मचारी विमा न्यायालय. दिवाणी न्यायालयाला या वादात हात घालता येत नाही, म्हणून तिकडे वेळ घालवू नका. अर्जात महामंडळ, कंपनी आणि ठेकेदार या तिघांनाही सामनेवाले करा. एकाला सोडलंत तर उरलेले दोघे त्याच्याकडे बोट दाखवतील. मुदत तीन वर्षांची आहे, पण त्यासाठी मूळ लाभाचा दावा बारा महिन्यांच्या आत केलेला हवा. तुमचा ऑक्टोबर 2025 चा अर्ज त्यात बसतो. त्याची पोच नसेल तर आजच नवीन अर्ज पोचेसह द्या आणि जुन्या अर्जाचा उल्लेख करा.

21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, जुना कायदा रद्द झाला, असं तुम्हाला खिडकीवर कुणी सांगेल. घाबरू नका. तुमचं काम, प्रसूती आणि अर्ज तिन्ही त्याआधीचे आहेत. कायदा बदलला म्हणून आधी उभा राहिलेला हक्क जात नाही. आणि ठेकेदाराच्या कसुरीची शिक्षा कामगाराला नको, ही भूमिका नव्या संहितेतही कायम आहे.

नोकरीबद्दल एक सावधगिरी. प्रसूती लाभाच्या काळात मालकाला तुम्हाला काढता येत नाही की शिक्षा करता येत नाही. पण रजा संपल्यावर तुम्ही गप्प बसलात तर ‘स्वतःहून सोडून गेली’ असं लिहायला त्यांना वेळ लागणार नाही. रजा संपल्याची तारीख आणि मी कामावर हजर व्हायला तयार आहे, हे दोन ओळींत लेखी पाठवा. रजेच्या 26 आठवड्यांत त्यांनी तुम्हाला बोलावून पगारी काम करून घेतलं असेल, तर तेवढ्या दिवसांचा लाभ मिळत नाही. ते दिवस अर्जात खरे खरे दाखवा.

मिस्टरांच्या बाबतीत मला चांगलं उत्तर देता येत नाही, याचं वाईट वाटतं. केंद्र सरकारी कर्मचारी असलेल्या वडिलांना 15 दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी कारखान्यात मात्र ती कंपनीच्या धोरणावर किंवा युनियनच्या करारावर अवलंबून असते. त्यांच्या कंपनीत करार असेल तर तो मागून वाचा.

वकिलाची फी परवडणार नाही म्हणून मागे हटू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. जाताना आधार, पासबुक, दोन्ही पत्रांच्या शिक्का मारलेल्या प्रती आणि ठेकेदाराचा तो मेसेज छापून घेऊन जा.