पर्थमध्ये नवीन आहेस? कौन्सिलच्या रेंजरचं काम समजून घे

इथला कौन्सिलचा, म्हणजे स्थानिक नगरपालिकेचा रेंजर म्हणजे पोलीस नव्हे, की वनखात्याचा माणूसही नव्हे. मोकाट कुत्री, टाकून दिलेल्या गाड्या, पार्किंग, कचरा हे त्याचं काम. घरफोडी झाली तर पोलिसांनाच फोन करायचा.

कुत्रा पाळणार असशील तर ३ महिन्यांचा होईपर्यंत चिप (कातडीखाली बसवायची ओळखीची मायक्रोचिप) आणि कौन्सिलकडे नोंदणी उरकून टाक. १९७६च्या डॉग अ‍ॅक्टनुसार ती सक्तीची आहे. नसबंदी केली असेल तर फी बरीच कमी पडते. चिपमुळेच हरवलेल्या कुत्र्याचा मालक रेंजरला सापडतो, म्हणून पत्ता बदललास की चिपच्या नोंदीतही बदल.

पण माझ्या मते त्यांचं सर्वांत मोलाचं काम आगीचं. उन्हाळ्याआधी कौन्सिल फायरब्रेकची, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत-झुडपं काढून मोकळा ठेवायच्या पट्ट्याची नोटीस काढतं. ती नीट वाच, कारण तारखा आणि नियम प्रत्येक कौन्सिलचे वेगळे. गवत वेळेत कापलं नाहीस तर दंड होतोच, शिवाय कौन्सिल ते काम करून घेऊन खर्च तुझ्याकडून वसूल करू शकतं. याचा राग धरू नकोस. पूर्वेचा कोरडा वारा सुटला की ठिणगी शेजाऱ्याच्या घरापर्यंत सहज पोचते.

शेजारचा कुत्रा सतत भुंकत असेल तर आधी शेजाऱ्याशी बोल. नाहीच जमलं तर दिवस-वेळ लिहून ठेव. तक्रारीसोबत रेंजर तेच मागतो.