जुने म्हणून घेतलेले पेले नवे निघाले

प्रश्न: मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. इथल्या एका अँटिकच्या दुकानातून सहा कट-ग्लास रमर (आखूड दांड्याचे मोठे पेले) ४८० पौंडांना घेतले. बिलावर 'जॉर्जियन, अंदाजे १८१०' असं लिहिलंय, म्हणजे इंग्लंडच्या जॉर्ज राजांच्या काळातले. दोन महिन्यांनी एका जाणकाराने ही विसाव्या शतकातली नक्कल असल्याचं सांगितलं. दुकानदार 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी दाखवतो. काय करू?

उत्तर: ताई, त्या पाटीला घाबरू नका. वस्तू वर्णनाप्रमाणे असलीच पाहिजे, असं तिथल्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याचं कलम ११ सांगतं, आणि ही जबाबदारी व्यापाऱ्याला पाटी लावून झटकता येत नाही.

माल थेट परत करण्याची ३० दिवसांची मुदत गेली, हे खरं. त्यानंतर आधी दुरुस्ती किंवा बदली वस्तू मागावी लागते. पण विसाव्या शतकातला पेला दुरुस्त करून १८१० चा होत नाही, आणि तसा अस्सल संच दुकानदाराकडे नसेल तर माल परत करून पैसे मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. सहा महिन्यांच्या आत परत केलात तर वापरापोटी पैसेही कापता येत नाहीत.

तो म्हणेल, 'अंदाजे' लिहिलं होतं. दहा-वीस वर्षांचा फरक असता तर ते ऐकून घेतलं असतं, इथे शतकच चुकलंय. चित्रकार म्युंटरच्या नावावर विकलेल्या बनावट चित्राच्या खटल्यात खरेदीदार हरला, पण तो स्वतः व्यापारी होता आणि स्वतःच्या पारखीवर विसंबला होता. तुम्ही बिलावरच्या शब्दांवर विसंबलात.

खरा कस पुराव्याचा आहे. जाणकाराचं मत लेखी घ्या, कारणांसकट. काच टणटणीत वाजते, एवढ्याने काहीच ठरत नाही. तसा आवाज शिशाच्या काचेचा असतो, आणि चांगली नक्कलही शिशाच्या काचेचीच असू शकते. तळाच्या कडेवरचे ओरखडे जवळून टिपलेल्या फोटोंत दिसू द्या. वर्षानुवर्षं वापरलेल्या पेल्यावर ते वेडेवाकडे, कमी-जास्त खोल असतात. मुद्दाम घासलेल्यावर बहुतेक एकाच दिशेने जातात. तोवर पेल्यांना पॉलिश करू नका.

मग दुकानदाराला १४ दिवसांची मुदत देऊन पत्र पाठवा. दाद नाही मिळाली तर १०,००० पौंडांपर्यंतचे दावे चालतात त्या स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांसाठीच्या न्यायालयीन प्रक्रियेत जा. क्रेडिट कार्डाने पैसे भरले असतील तर १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम ७५ खाली कार्ड कंपनीही जबाबदार धरता येते, मात्र वस्तूची किंमत १०० पौंडांच्या वर हवी. म्हणून बिल नीट पाहा: संचाची एकच किंमत असेल तर उत्तम, 'प्रत्येकी ८०' असेल तर कंपनी हरकत घेईल.

आणि हे पेले जॉर्जियन म्हणून दुसऱ्या कुणाला विकू नका. आता तुम्हाला खरं माहीत आहे, त्यामुळे तो फसवणुकीचा गुन्हा ठरू शकतो.