एकच खोली, दोन मुलं आणि न संपणारी रात्र

पत्र: मुलगा पावणेचार वर्षांचा, मुलगी आठ महिन्यांची. सातव्या मजल्यावर एक बेडरूम आणि हॉल एवढंच घर. मी दोन महिन्यांपूर्वी पुन्हा कामावर जाऊ लागले. मुलगा सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा पाळणाघरात असतो, तिथे दुपारी दोन तास झोपतो. रात्री नऊला त्याला अंथरुणावर नेते, पण झोप लागते साडेअकराला. पाणी हवं, शू आली, गोष्ट सांग, भीती वाटते, मग रडणं, मग उड्या. बाळ जागं होऊ नये म्हणून शेवटी हातात मोबाइल देते. सव्वानऊला नवरा घरी येतो की पुन्हा सगळा दंगा. खालचे शेजारी दोनदा तक्रार करून गेले. सकाळी साडेसातला त्याला ओढून उठवावं लागतं, रविवारी तो दहापर्यंत लोळतो. रोज रात्री मी ओरडते आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडते. कधी कधी वाटतं, दार उघडून निघून जावं. मी वाईट आई आहे का? – एक दमलेली आई

उत्तर:

ताई, नाही. तुम्ही वाईट आई नाही. पत्रातल्या शेवटच्या दोन वाक्यांबद्दल मला बरंच बोलायचं आहे, ते पुढे बोलू. आधी मुलाच्या झोपेचं बघू, कारण तुमच्या रात्री तिथे अडकल्या आहेत.

तुम्ही दिलेल्या वेळांची बेरीज करून बघा. रात्री साडेअकरा ते सकाळी साडेसात म्हणजे ८ तास, दुपारचे २ तास, एकूण १०. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसभरात, दुपारची झोप धरून, १० ते १३ तास झोप लागते. म्हणजे तुमचा मुलगा कमीत कमी लागते तेवढी झोप कशीबशी पुरी करतोय, फक्त तिचा पाचवा हिस्सा दुपारीच संपतो. वर रविवारी दहापर्यंत झोपला की त्याचं शरीर समजतं, आपली सकाळ उशिराची आहे. त्याच्या शरीराची रात्र साडेअकराला सुरू होते आणि तुम्ही त्याला नऊला आडवं करता. रोजच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास माणूस उलट जास्त तरतरीत असतो, मोठी माणसंसुद्धा. त्या वेळात त्याला अंधारात निजवणं म्हणजे भूक नसताना ताटावर बसवणं. तो हट्ट करत नाहीये, त्याला खरंच झोप आलेली नसते.

म्हणून सुरुवात रात्रीपासून करू नका, सकाळपासून करा. उठण्याची वेळ ७ ठरवा आणि ती रविवारीही पाळा. फार तर अर्धा तास इकडे-तिकडे. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत त्याला उजेडात न्या: खाली, गच्चीवर, नाहीतर उघड्या खिडकीपाशी तुमच्या मांडीवर. १५-२० मिनिटं पुरतात. ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो आणि शरीराचं घड्याळ त्या उजेडावर लागतं. हे काम बाबांकडे द्या. संध्याकाळी त्यांना मुलाचा वेळ मिळत नाही, तो सकाळी मिळेल.

आता दुपारची झोप. पाळणाघराच्या ताईंशी बोला, पण 'झोपवूच नका' असं सांगू नका. दहा तास गजबजाटात राहणाऱ्या मुलाला दुपारचा विसावा हवाच, आणि पूर्ण बंद केली तर तो संध्याकाळी सहाला रडवेला होऊन परतताना गाडीत झोपेल. तसं झालं तर रात्र साडेबारावर गेलीच समजा. दोन तासांवरून दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं कमी करत पाऊण ते एक तासावर आणा, आणि काहीही झालं तरी तीननंतर झोप नको. बाकीची मुलं झोपलेली असताना याला उठवणं त्यांना अवघड वाटेल. तेव्हा त्याला दाराजवळ निजवायला सांगा आणि उठल्यावर बसून करायचं काहीतरी, कागद-खडू किंवा ठोकळे, त्याच्या दप्तरात घालून द्या. परतीच्या वाटेवर त्याला बोलतं ठेवा. डोळे मिटू लागले तर उतरून थोडं चालवा.

यापुढची सूचना तुम्हाला उलटी वाटेल. पहिले चार दिवस त्याला नऊला निजवूच नका. ११ वाजता न्या. आडवा झाल्यावर १५-२० मिनिटांत झोपला पाहिजे, एवढाच हेतू. अंथरूण म्हणजे भांडणाची जागा, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय, ते आधी पुसायचं आहे. सकाळी सातला उठवत राहिलात की या दिवसांत त्याची झोप थोडी कमी पडेल, तो चिडचिड करेल, आणि त्या कमतरतेमुळेच पुढे लवकर पेंगेल. चार दिवस नीट गेले की दर तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे या. ११ वरून ९ म्हणजे आठ टप्पे, साधारण साडेतीन आठवडे. एखाद्या टप्प्यावर पुन्हा अर्धा तास तळमळू लागला तर मागे १५ मिनिटं जाऊन तिथे तीन-चार दिवस थांबा. घाई केली की हा उपाय फसतो. सहसा तिसऱ्या दिवशी तो नऊला पेंगलेला दिसतो आणि आईबाप लगेच नऊला निजवतात. ती डुलकी ठरते, आणि दहाला तो ताजातवाना उठून बसतो. ताप, दात, प्रवास किंवा पाहुणे असतील त्या आठवड्यात सुरुवात करू नका.

निजायच्या वेळेआधी एक तास मोबाइल आणि टीव्ही बंद, सगळ्यांचे. छतावरचा पांढरा दिवा घालवा आणि पिवळसर उजेडाचा एकच लहान दिवा खाली, जमिनीच्या जवळ ठेवा. झोप आणणारं मेलाटोनिन अंधार पडू लागला की वाढतं, उजेडात दबतं, आणि लहान मुलांवर उजेडाचा परिणाम मोठ्यांपेक्षा जास्त होतो. मोबाइलवर शांत गाणी लावली तरी पडद्याचा उजेड तोच असतो. मग ३०-४० मिनिटांचा ठरलेला क्रम: कोमट पाण्याने अंघोळ, कपडे, दात, शू, दोन पुस्तकं. रोज तोच, त्याच ओळीने. निवड त्याला द्या, पण लहान: निळा शर्ट की लाल, हे पुस्तक की ते. 'झोपायचं का?' हा प्रश्न कधीच विचारू नका, त्याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे.

हे सगळं हॉलमध्ये करा. बाळ साडेसात-आठच्या सुमारास बेडरूममध्ये झोपेल. तिला शेवटची डुलकी झाल्यावर अडीच-तीन तासांनी झोप येते, तिच्या वेळा त्यावरून लावा. बाबा आले तर घरात शिरताना मोठ्याने हाका नकोत. मुलगा वडिलांवर झेप घेणार, ते थांबवू नका, पण खांद्यावर घेऊन फिरवणं आणि गुदगुल्या त्या वेळी नकोत. आल्याआल्या हातपाय धुऊन पुस्तकं वाचायचं काम त्यांनी घ्यावं. पुढे मुलगा नऊला झोपू लागेल तेव्हा त्यांची संध्याकाळची भेट हुकेल. हे वाईट वाटण्यासारखं आहे, मान्य. सकाळचा उजेडाचा वेळ आणि आठवड्यातून एक दिवस लवकर घरी येणं, यावर दोघांनी आत्ताच बोलून ठेवा.

पहिला महिना मुलाची गादी रात्रभर हॉलमध्येच घाला आणि तुमच्यापैकी एकाने तिथे झोपा. हॉलमध्ये झोपवून नंतर उचलून आत नेऊ नका. मध्यरात्री अर्धवट जाग आल्यावर जागा बदललेली दिसली की मुलं घाबरून पूर्ण जागी होतात. गादी खिडकीपासून आणि बाल्कनीच्या दारापासून लांब हवी. सातवा मजला आहे म्हणून सांगते: खिडकीखाली सोफा, स्टूल, कुंडी काहीही ठेवू नका, गजांमधली फट १० सेंटिमीटरपेक्षा कमी असू द्या, आणि डासांच्या जाळीवर विसंबू नका. ती मुलाचं वजन पेलत नाही. बाळाला तिची स्वतंत्र, सपाट, घट्ट गादी हवी. झोपवताना पाठीवर, जवळ उशी, जाड पांघरूण, मऊ खेळणी काही नको, आणि भावाला तिच्या शेजारी निजवायचं नाही. झोपेत त्याचा हात किंवा पांघरूण तिच्या तोंडावर येऊ शकतं. रात्री दमून बाळाला घेऊन सोफ्यावर डोळा लागणं सगळ्यात धोक्याचं, ते कटाक्षाने टाळा.

उठून येण्यावर एक साधा उपाय आहे. जाड कागदाची दोन कार्डं करा, त्यानेच रंगवावीत. एक कार्ड दिलं की एक मागणी पुरी: पाणी, मिठी, शू, जे असेल ते. दोन्ही संपली की मागण्या संपल्या. न वापरलेलं कार्ड सकाळी दाखवलं तर त्याच्या आवडीचा खेळ दहा मिनिटं तुमच्यासोबत. कार्डं संपल्यावर तो उठला तर न बोलता, न रागावता हात धरून परत गादीवर. पहिल्या रात्री हे वीस वेळा करावं लागेल. एकविसाव्या वेळी मोबाइल दिलात तर वीस वेळा उठलं की मोबाइल मिळतो, हे तो शिकेल. तिसऱ्या-चौथ्या रात्री रडणं आधीपेक्षा वाढेल. जुनी युक्ती चालेना म्हणून तो जोर लावून बघत असतो. बहुतेक घरं नेमकी इथे हात टेकतात. भीती वाटते म्हणाला तर खोटी पडेल अशी हमी देऊ नका. 'मी दोन मिनिटांत बघायला येते' म्हणा आणि खरोखर दोन मिनिटांत या, मग पाच, मग आठ.

खालच्या शेजाऱ्यांचं. उड्यांचा आवाज हवेतून जात नाही, तो स्लॅबमधून खाली उतरतो, म्हणून पडदे आणि बंद दारं यांचा काही उपयोग नाही. जिथे तो धावतो तो पट्टा आणि पलंगावरून उडी पडते ती जागा, एवढ्याच भागात जाड फोमच्या किंवा रबराच्या चटया घाला. पातळ सतरंजीने फरक पडत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती ताकद दुसरीकडे खर्च व्हायला हवी. या वयाच्या मुलाला दिवसभरात तीन तास हालचाल लागते, त्यातला एक तास धाप लागेल अशी. साडेसहाला त्याला घेतल्यावर थेट वर येऊ नका, अर्धा-पाऊण तास खालीच धावू द्या. पावसात घरी आवाज न होणारी जड कामं द्या: भिंत ढकलणं, धुण्याची भरलेली टोपली ओढत नेणं, टेबलाखालून रांगत जाणं, अस्वलासारखं चार पायांवर चालणं. साडेआठनंतर यातलं काही नको. आणि शेजाऱ्यांना एकदा जाऊन सांगा की महिनाभर आम्ही हे बदलतोय, काही रात्री रडण्याचा आवाज येईल. आधी कळवलेला आवाज लोक जास्त सोसतात.

एवढं करून पाच-सहा आठवड्यांत काहीच फरक पडला नाही, किंवा तो रोज घोरत असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल, पायांना मुंग्या येतात म्हणून सतत पाय आपटत असेल, रात्री गुदद्वारापाशी खाजवत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. वाढलेले अ‍ॅडिनॉइड (नाकाच्या मागच्या गाठी) किंवा टॉन्सिल, लोहाची कमतरता, जंत, ही सगळी झोप बिघडवणारी आणि उपचाराने बरी होणारी कारणं आहेत. कोणतं कार्ड किंवा पुस्तक त्यावर चालणार नाही.

आता तुमच्याविषयी. तुम्ही ओरडलात ते मुलाने ऐकलं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी शांतपणे 'काल मी खूप मोठ्याने बोलले, तुझी चूक नव्हती' असं म्हटलेलंही तो ऐकतो. त्यापुढे स्पष्टीकरण नको. ज्या क्षणी हात उचलावासा वाटेल किंवा बाळाला गदागदा हलवावंसं वाटेल, त्या क्षणी बाळाला तिच्या गादीवर ठेवा, मुलाला सुरक्षित जागी बसवा, आणि पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. बाळ रडलं तरी चालेल. हलवण्याने मात्र बाळाच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते, जीवही जाऊ शकतो.

रोज रडू येणं, निघून जावंसं वाटणं, याला मी नुसता थकवा म्हणून सोडून देणार नाही. बाळंतपणानंतरचं नैराश्य पहिल्या वर्षात कधीही येऊ शकतं, कामावर परतल्यावरही. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन असंच असेल, बाळ झोपलेलं असतानाही तुम्हाला झोप लागत नसेल, कशातच रस वाटत नसेल, तर तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. दूध पाजत असलात तरी घेता येतील अशी औषधं आहेत, डॉक्टरांना तसं आधी सांगा. स्वतःला किंवा मुलांना इजा करावी असा विचार मनात आला तर थांबू नका, त्याच वेळी जवळच्या माणसाला बोलावून घ्या आणि इस्पितळ गाठा. आणि हे पत्र जसंच्या तसं आज नवऱ्याला वाचायला द्या. त्यांना रात्री सव्वानऊनंतरचं घर दिसतं, बाथरूमच्या दारामागचं दिसत नाही. वाचून झालं की दोघांनी मिळून ठरवा: एक दिवसाआड रात्रीचं अंथरूण त्यांचं, आणि त्या रात्री ते घरी आले की तुम्ही साडेनऊला बाळाशेजारच्या खाटेवर दार लावून झोपायचं. मुलगा 'आईच हवी' म्हणून रडेल. बाबांनी तिथेच बसून राहायचं, तुम्ही उठायचं नाही.