डीएनए निल आला, मग गोळी कायले?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, मी यवतमाळ जिल्ह्यातला कास्तकार, वय ४२. रक्तदान शिबिरात हिपॅटायटीस बी निघाला. दोन वर्षांपासून टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम घेतो. आता रक्तातल्या विषाणूचा डीएनए निल आला, पण एचबीएसएजी ही दुसरी तपासणी पॉझिटिव्हच आहे. बायको म्हणते, गोळीनं अंगातली ताकदच मारली. मामेभाऊ कावीळ उतरवणाऱ्याकडे चल म्हणतो. कापूस वेचणी सुरू आहे, गोळ्या आणायले दर महिन्याला दिवस मोडतो. बंद करू काय?

उत्तर : भाऊ, बंद करू नका.

तुमच्या काळ्या रानातला कुंदा आठवा. डवऱ्याचे फेर मारले की वरून रान साफ दिसतं, मूळ मात्र खोल बसलेलं. या विषाणूचंही तसंच. टेनोफोविर त्याच्या नव्या प्रती थांबवतं, पण यकृताच्या पेशींच्या केंद्रकात दडलेल्या त्याच्या डीएनएच्या कड्याला हात लावत नाही. त्या कड्यावरून एचबीएसएजी हे त्याचं वरचं कवच तयार होतच राहतं. त्यातलं बहुतेक रिकामंच असतं, आत विषाणू नसतो. ते रात्रंदिवस बघून टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या आपल्या पांढऱ्या पेशी, थकतात. रोज रात्री रानडुकरं हाकलणारा जागल्याही शेवटी बाजेवर पेंगतोच ना?

वहिनींना सांगा, गोळीनं ताकद मारली नाही. विषाणू दबला की या पेशी थोड्या सावरतात. लॅमिव्हुडिन हे याच आजारावरचं जुनं औषध घेणाऱ्या रुग्णांत हे १९९८ सालीच दिसलं होतं. पण कवच रक्तात आहे तोवर पूर्ण नाही.

अचानक गोळी सोडली तर विषाणू उसळतो आणि अर्धवट सावरलेल्या पेशी बाधित यकृतावर एकदम तुटून पडतात. गेल्या पोळ्याला असाच एक जण आला. पेरणीच्या घाईत त्यानं गोळ्या सोडल्या होत्या. डोळे हळदीसारखे, यकृताची सूज दाखवणारी एसजीपीटी हजाराच्या वर. काही निवडक रुग्णांत डॉक्टर स्वतः गोळी थांबवून बघतात, पण सतत तपासण्या करत. बारा आठवड्यांत बरा होतो तो हिपॅटायटीस सी, त्याच्याशी गल्लत नको.

कावीळ उतरवणारा गळ्यात घालतो ती माळ वाढते, कारण देठ सुकून दोऱ्याच्या गाठी सैल होतात. साधी कावीळ बहुधा आपोआपच उतरते, श्रेय मात्र माळेला!

सरकारच्या राष्ट्रीय हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रमात ही औषधं मोफत आहेत. केंद्रावर विचारा, दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देता येतात का. मूत्रपिंडाचं काम दाखवणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणीही करून घ्या, टेनोफोविर घेताना तिकडे लक्ष लागतं. जाताना वहिनींना आणि लेकरांना सोबत न्या. त्यांची एचबीएसएजी कोणी तपासली का, हे तुम्ही लिहिलंच नाही.