घरात एसी नाही, तरी मे महिन्याचं बिल एवढं कसं?

प्रश्न : नमस्कार, आम्ही नाशिकला राहतो, आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. हिवाळ्यात 200 युनिटच्या आसपास बिल येतं, मे मध्ये एकदम 340 आलं. एसी नाहीये, एक कूलर आहे, रात्रीचा चालतो. सासूबाई म्हणतात चार्जर प्लगला लटकत राहतात म्हणून, मिस्टर म्हणतात गीझर, आणि शेजारचे काका म्हणतात 300 च्या पुढे एक युनिट जरी गेलं तरी सगळेच युनिट वरच्या दराने लागतात. खरं काय?

उत्तर : ताई, आधी काकांचं बघू. महावितरणचे घरगुती स्लॅब 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यापुढचा असे आहेत, पण महाग दर फक्त त्या त्या स्लॅबमध्ये पडलेल्या युनिटना लागतो, म्हणजे तुमचे वरचे 40 च महाग गेले. पण हेच उलटं पण बघा, वाचवलेलं युनिट नेहमी वरच्या स्लॅबमधूनच कमी होतं, शिवाय त्याच्यावरचा वहन आकार (वीज तुमच्या घरापर्यंत आणण्याचा युनिटमागचा आकार) आणि 16 टक्के वीज शुल्क पण वाचतं.

चार्जर सोडून द्या. मोबाईल न लावता लटकणारा चार्जर महिन्याला पाव युनिट पण खात नाही. त्यापेक्षा टीव्ही बंद केल्यावर चालूच राहणारा सेट टॉप बॉक्स जास्त खातो, तो मेन बटणावरून बंद करत जा.

गीझरचं म्हणाल तर बादलीभर म्हणजे 18 लिटर पाणी 20 डिग्रीवरून 40 ला न्यायला साधारण 0.4 युनिट लागतं, पाच जणांचे रोजचे दोन, महिन्याचे 60. पण हे हिवाळ्यात हो, मे मध्ये गीझर कोण लावतंय! म्हणजे ते 60 कमी होऊनसुद्धा तुमचं बिल वाढलंय.

मग उरलं काय, तर डोक्यावरचे पंखे, ज्यांच्यावर कुणी संशयच घेत नाही. जुना पंखा 75 वॉटचा असतो. चार पंखे, मुलांना सुट्टी, सासूबाई दिवसभर घरी, म्हणजे प्रत्येकी 20 तास धरा, दिवसाचे 6 युनिट झाले, महिन्याचे 180!! आणि कूलरचे 40 तरी वेगळे. बीएलडीसी पंखा (वेगळ्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा) 30 वॉटच्या आसपास घेतो, म्हणजे 20 तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला 27 युनिट वाचतात, युनिटला सगळं धरून दहा रुपये जरी पकडले तरी 270 रुपये (प्रत्यक्षात दर त्याहून जास्तच पडतो). अडीच-तीन हजाराला मिळतो. पण चारही एकदम बदलायची घाई करू नका, हॉलचा आणि सासूबाईंच्या खोलीतला आधी बदला, पाहुण्यांच्या खोलीत कधीतरीच चालणारा पंखा असेल तर तो बदलून काही फरक पडणार नाही. आणि भिंतीवर जुना डब्यासारखा मोठा रेग्युलेटर असेल तर एक नंबरवर फिरवून फार वीज वाचत नाही, बरीचशी त्या डब्यातच गरम होऊन जाते. बीएलडीसीला मात्र कुठलाच रेग्युलेटर ठेवायचा नाही, वायरमनला आधीच सांगा.

प्रश्न : प्लगमध्ये लावायचं पॉवर सेव्हर ऑनलाइन मागवलंय, 40 टक्के बचत लिहिलंय. उपयोग होतो का?

उत्तर : नाही. आत बहुतेक वेळा एक कपॅसिटर आणि एक छोटा दिवा असतो. कपॅसिटरने पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली किती खरोखर कामी येते त्याचं माप) सुधारतो, कारखान्यात त्याचा बिलात फायदा होतो, पण तुमच्या घरच्या मीटरचं बिल वापरलेल्या युनिटवर निघतं आणि तिथे ह्या डबीने काहीच कमी होत नाही. रिटर्नची मुदत संपायच्या आत परत पाठवा.