सॅकचे पट्टे आधी सगळे सैल कर
अरे पहिल्या ट्रेकला खांदे दुखले म्हणून लगेच नवी सॅक घेऊ नकोस, आधी पट्टे नीट लाव. सामान भरूनच ट्राय कर हं, रिकाम्या सॅकवर काही कळत नाही. सगळे पट्टे सैल करायचे, सॅक पाठीवर घ्यायची आणि पहिला कमरेचा बेल्ट, तो पोटावर नाही तर कमरेच्या हाडावर बसला पाहिजे कारण बहुतेक वजन तिथेच जायला हवं, मग खांद्याचे पट्टे ओढ पण करकचून नको. वरचे छोटे पट्टे, म्हणजे खांद्याच्या पट्ट्यांपासून सॅकच्या वरच्या टोकाला जाणारे, साधारण ४५ अंशात ठेव. छातीचा शेवटी, श्वास मोकळा राहील इतपतच. कळसूबाईच्या शिड्यांवर सॅक मागे ओढायला लागली तर वरचे छोटे पट्टे थोडे घट्ट कर.